दुसऱ्या पसंतीची शाळा

मुंबईत शालाप्रवेशासंबंधी जी चर्चा घरोघर चालते ती बहुधा पहिल्या क्रमांकाच्या शाळेची असते. ती कोणाला मिळाली, कोणाची हुकली, कोणाचा शब्द कामी आला आणि कोणाचा वाया गेला, हेच तिचे विषय. परंतु पालकाने अर्जात भरावयाच्या क्रमवार यादीकडे थोड्या स्वस्थपणे पाहिले असता असे ध्यानात येते की, पहिली ओळ ही आकांक्षेची असल्याने ती कोणत्याही काळी कोणालाही लिहिता येते, आणि एखाद्या वस्तीतील शिक्षणाची खरी कसोटी दुसऱ्या व तिसऱ्या ओळींवर लागते. कारण मूल चालत जाऊ शकेल अशा अंतरात, खिशाला झेपेल अशा खर्चात आणि मनाला रुखरुख न लावता जेथे घालता येईल अशी आणखी एखादी शाळा आहे की नाही, याचे उत्तर त्या ओळींवाचून अन्यत्र मिळत नाही. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा वृत्तान्त या एकाच दृष्टीने चाळून पाहण्याचा येथे विचार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगावातील गृहस्थापुढे शाळांची यादी नव्हतीच; मिशनऱ्यांची शाळा, सरकारी शाळा किंवा पंतोजीची शाळा, एवढ्यांतच निवड करावयाची असे, आणि ती निवड अध्यापनाच्या गुणावर न होता धर्मभयावर होई. १८३९ साली जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तेव्हा शहरात केवढा गहजब उडाला, मामला न्यायासनापर्यंत कसा गेला आणि पालकांनी आपली मुले त्या शाळेतून कशी भराभर काढून घेतली, याची हकीकत प्रसिद्ध आहे. मुंबईच्या पालकवर्गाने सामुदायिकपणे आपली नापसंती नोंदविल्याचा हा बहुधा पहिलाच ठळक प्रसंग असावा. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच निराळा होता. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने पुढच्याच वर्षी कन्याशाळा उघडल्या, जगन्नाथ शंकरशेट यांनी त्या कामी आपल्या वाड्यात जागा दिली, आणि तरीही मुलगी शाळेत धाडणारा बाप लोकनिंदेला पात्र ठरत होता. अशा काळी पसंतीक्रम हा शब्दच निरर्थक. एकमेव शाळेला होकार द्यावयाचा की नकार, एवढाच अधिकार पालकाच्या हाती होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह परळच्या डबक चाळीत राहावयास आले, आणि त्यांनी आपला धाकटा मुलगा भीमराव यास एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले; त्या शाळेतून १९०७ साली तो मॅट्रिक झाला हे सर्वश्रुत आहे. पण या निवडीकडे एक पालकाचा निर्णय म्हणून क्वचितच पाहिले जाते. परळच्या एका खोलीत राहणाऱ्या, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या आणि अस्पृश्य म्हणून पदोपदी अडविल्या जाणाऱ्या बापाने जवळची शाळा सोडून दूरची सरकारी शाळा पसंत केली, यात त्या शाळेचा लौकिक जसा होता तसाच, सरकारी शाळेच्या दारावर तत्त्वतः तरी कोणाला परत धाडता येत नाही, हा हिशेबही असला पाहिजे असे आम्हांस वाटते. ज्याला अनेक दारे बंद असतात त्याची यादी इतरांपेक्षा आखूड असते, आणि तीत शाळेच्या गुणापेक्षा दाराच्या उघडेपणाला अगोदर स्थान द्यावे लागते. ही गोष्ट पुढे पाऊणशे-शंभर वर्षांनी निराळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली प्रथम केला तो एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे परळ, लालबाग, दादर, वरळी या गिरण्यांच्या पट्ट्यात. शहरातील श्रीमंत वॉर्ड सोडून हे दोनच का निवडले, याचे उत्तर उघड आहे: शाळेबाहेर राहिलेली मुले येथेच दाटीने होती. चाळीच्या खोलीत जेथे दोन पाळ्यांतील माणसे आलटून पालटून झोपत, तेथील मुलाला पालिकेच्या शाळेत आणून बसविण्यासाठी हजेरी घेणारे कारकून दारोदार फिरत. पालकाला शाळा निवडावयाची नसून, पालिकेलाच विद्यार्थी हुडकावयाचे होते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा चालविल्या त्याही याच पट्ट्यात, आणि पुढे पुष्कळ वर्षे गिरणीतून सुटलेला पोरगा तोंड धुऊन रात्रीच्या वर्गास जाऊन बसे. पालिकेची शाळा, रात्रशाळा आणि परळ-लालबाग भागात हळूहळू उभ्या राहिलेल्या खाजगी अनुदानित शाळा मिळून गिरणगावाला जी शिक्षणव्यवस्था लाभली ती वैभवशाली नव्हती. परंतु तिच्यात एक गुण होता. तिच्यातील शाळा परस्परांहून फारशा उच्चनीच नव्हत्या. एक न मिळाली तर दुसरीत घालावे, आणि शेजारच्या खोलीतील मुलगा जेथे जातो तेथेच आपलाही जावा, असे म्हणण्याने तेथील बापाच्या मनाला यातना होत नसत.

दादरची गोष्ट वेगळी. प्लेगनंतर शहर सुधारणेच्या योजनांतून आखून दिलेल्या हिंदू कॉलनीसारख्या वसाहतींत आणि पुढे शिवाजी पार्कच्या भोवती कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर यांचा जो सुशिक्षित मध्यमवर्ग येऊन स्थायिक झाला त्याने मैदान व ग्रंथालय यांच्याबरोबरच शाळाही उभ्या केल्या. १९१७ साली स्थापन झालेल्या इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज शाळा, जी आज राजा शिवाजी विद्यालय या नावाने ओळखली जाते. दादर स्थानकाला लागून असलेली छबिलदास. दादासाहेब रेगे यांनी १९४० साली शिवाजी पार्कला सुरू केलेले बालमोहन विद्यामंदिर. आणि शारदाश्रम, ही नावे घेतली की एका पिढीच्या चेहऱ्यावर अद्याप तेज येते. येथे प्रथमच पालकाला निवडीचे सुख आणि निवडीचा ताप, दोन्ही एकदम भोगावयास मिळाले. शाळा चांगल्या होत्या व एकापेक्षा अधिक होत्या; पण त्यांतली एखादी इतरांहून अंगुळभर अधिक चांगली असल्याची समजूत एकदा पसरली की त्या अंगुळभर उंचीसाठी दादरातील सज्जन गृहस्थ काय करीत नसत! हेडमास्तरांच्या घरी कोणाची ओळख आहे याचा शोध, संस्थेच्या चिटणिसांकडे नेलेली शिफारसपत्रे, अर्ज मिळविण्यासाठी भल्या पहाटेपासून लावलेल्या रांगा, आणि मुलाचा थोरला भाऊ त्याच शाळेत आहे याचा मोठ्या अदबीने केलेला उल्लेख. वशिला ही गोष्ट त्या काळी अगदीच नव्हती असे म्हणणाऱ्या वृद्धांनी आपला स्वतःचा प्रवेश कसा झाला ते एकदा आठवून पाहावे.

एका विसंगतीपाशी जरा थांबले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले ते मूल परीक्षेच्या धाकावाचून, आपल्या गतीने, हाताने वस्तू हाताळीत वाढावे या हेतूने. त्याच दादरात आणि पुढे साऱ्या मुंबईत, काही दशकांनी, बालवर्ग हे प्राथमिक शाळेच्या दरवाजावरचे नाके बनले. अडीच-तीन वर्षांच्या मुलास रंग ओळखावयास सांगून व त्याच्या मातापित्यांना त्यांचे शिक्षण, हुद्दा आणि घरातील भाषा विचारून निवड होऊ लागली. नाक्यावर जकात असते तशी येथे देणगी आली. ती कोणी इमारत निधी म्हणे, कोणी ऐच्छिक वर्गणी. शाळेबाहेर तिला डोनेशन एवढे एकच नाव होते. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रवेशासाठी अशी रक्कम घेण्यास मनाई करणारा कायदा केला. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने देणगी व प्रवेशपूर्व चाळणी या दोहोंना बंदी केली, चाळणी लावणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५ हजार आणि त्यापुढील प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला, व घेतलेल्या देणगीच्या दसपट दंडाचीही तरतूद केली. मुलाखत बंद झाली. तिच्या जागी ‘संवाद’ आला. पालकाला बोलावून, चहा पाजून, सहज गप्पांत जे विचारावयाचे ते विचारून घेण्याची कला कोणत्या कलमाखाली येते याचा निर्णय व्हावयाचा आहे.

पालकाची निवड नेहमी प्रतिष्ठेमागे धावते असेही मात्र नाही. वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिकणाऱ्या सचिन तेंडुलकर नावाच्या मुलास त्याच्या घरच्यांनी प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून शारदाश्रमात घातले ते केवळ क्रिकेटसाठी. आणि वांद्र्याहून रोजची यातायात झेपेना म्हणून त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी ठेवले. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये विनोद कांबळीसमवेत त्याने शाळेसाठी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आमच्या विषयाला तीतील एवढाच अंश उपयोगी की, शाळा बदलण्यासाठी पत्ता बदलावा लागला, आणि तो बदलता आला कारण योग्य जागी नातलगांचे घर होते. प्राध्यापकाच्या घरात जन्मलेल्या मुलाची ही सोय. तीच परळच्या गिरणी कामगारास हवी असती तर त्याचे काका-काकू रत्नागिरीच्या गावी असते.

या साऱ्या व्यवस्थेचे सांधे दोन आघातांनी निखळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप हा त्यांपैकी एक. तो रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही; गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या, कामगारांची कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरार येथे अथवा थेट कोकणात व घाटावर पांगली, आणि त्यांची मुले ज्या वर्गांत बसत ते वर्ग रिकामे पडत गेले. दुसरा आघात माध्यमाचा. तो संपासारखा एका तारखेला आला नाही. मराठी शाळेतूनच शिकून वर आलेल्या बापाने, आपण इंग्रजीअभावी कोठे कोठे मागे पडलो याचा मनाशी हिशेब मांडून, मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घातले, आणि असे हजारो बाप एकाच वेळी तोच हिशेब करीत होते. त्यांना दोष देणे सोपे आहे, व मराठीच्या कैवाराच्या सभांतून तो पुष्कळ दिलाही जातो. व्यासपीठावरील वक्त्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत हे विचारण्याचा असभ्यपणा आम्ही करीत नाही. आम्हांला एवढेच दिसते की, पटसंख्या घटली म्हणून तुकडी बंद झाली, तुकडी बंद झाली म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरला, शिक्षक गेला म्हणून उरलेल्या पालकांचाही धीर सुटला, आणि अनुदानित मराठी शाळा गिरणगावातील अर्जाच्या ज्या दुसऱ्या व तिसऱ्या ओळी व्यापून होत्या त्या ओळी कोऱ्या पडल्या. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकविणारी सेमी इंग्रजीची तोड काही शाळांनी काढली. जेथे ती मनापासून राबविली गेली तेथे वर्ग टिकले, ही गोष्ट मराठीच्या अभिमान्यांनी नाक न मुरडता लक्षात घ्यावी.

अशा स्थितीत १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तराच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद ग्राह्य ठरविली, आणि परळच्या घरकामगार बाईला आपल्या मुलासाठी शाळांची यादी कागदावर मांडण्याचा अधिकार प्रथमच सरकारी मोहोरेनिशी मिळाला. महाराष्ट्रात हा अर्ज संगणकावरून भरावयाचा असतो. घराचे स्थान नकाशावर दाखवावयाचे, जास्तीत जास्त दहा शाळा निवडावयाच्या, आणि मग सोडतीची वाट पाहावयाची. एक किलोमीटरच्या आतील मुलांचा विचार आधी, एक ते तीनच्या दरम्यानच्या मुलांचा त्यानंतर. सोडतीत नाव निघाले म्हणजे पडताळणी समितीपुढे दस्तऐवजांची रुजवात: जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वंचित घटक असल्यास जातीचा दाखला, दुर्बल घटक असल्यास तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला.

यातील प्रत्येक कागद आपल्या परीने एकेक शाळा यादीतून खोडीत असतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. महिन्याला ती साडेआठ हजारांच्याही आत येते. लालबागसारख्या ठिकाणी तेवढ्यात संसार करणारे कुटुंब सापडणे कठीण, आणि तेवढ्याचा दाखला मिळविणारे कुटुंब सापडणे त्या मानाने सोपे, अशी चमत्कारिक अवस्था या मर्यादेने निर्माण केली आहे. प्रामाणिकपणे पंधरा हजार पगार सांगणारा पहारेकरी अपात्र ठरतो, आणि ज्याची मिळकत कोठेच नोंदलेली नाही त्याला पात्र होण्यास हरकत येत नाही. भाडेकरूकडे नोंदणीकृत भाडेकरार असावा लागतो. मालकाला तो नको असतो. पोटभाडेकरूला तो मिळणेच शक्य नसते. बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने १९२० च्या दशकात बांधलेल्या नायगाव, वरळी व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून जी कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेली त्यांची कैफियत आणखी निराळी आहे: हक्काचे घर एका ठिकाणी, तूर्तचा बिछाना दुसऱ्या, आणि किलोमीटर मोजावयाचा तो बिछान्यापासून. तीन-चार वर्षांनी ती परत आपल्या जागी येतील तेव्हा सोडतीत मिळालेली शाळा तेवढी लांब राहिलेली असेल.

त्यातही दक्षिण व मध्य मुंबईची एक खास अडचण आहे, जी राज्यात अन्यत्र इतकी जाणवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. या भागांतील जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी शाळांपैकी पुष्कळ ख्रिस्ती, पारशी व अन्य अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत. जुन्या मराठी शाळा बव्हंशी अनुदानित असल्याने पंचवीस टक्क्यांच्या या सोडतीचा त्यांच्याशी संबंध येत नाही. उरतात त्या मोजक्या विनाअनुदानित शाळा, आणि दहा शाळा निवडण्याची मुभा असलेल्या गिरगावच्या पालकाला चालण्याच्या अंतरात त्या दहा भरतील इतक्या शाळा मिळतात की नाही, याचीच भ्रांत. घटनेच्या दृष्टीने निकाल निर्दोष असेल. फुलाच्या गाडीवर बसणाऱ्या बाईला तो समजावून सांगण्याचे काम मात्र कोणी पत्करलेले नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमात दुरुस्ती करून असे फर्मावले की, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे तिला राखीव जागांच्या बंधनातून सूट राहील. दादर-परळसारख्या दाट वस्तीत अशी शाळा परिघात नाही असा एक किलोमीटर शोधून काढावा लागेल. म्हणजे सूट हाच नियम झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या दुरुस्तीस स्थगिती दिली व १९ जुलैला ती रद्दबातल ठरविली. दरम्यान शालेय वर्ष सुरू झाले होते. शासनाचा युक्तिवाद वरकरणी तर्कशुद्ध होता: जवळ आपलीच शाळा असताना खाजगी शाळेस प्रतिपूर्ती म्हणून दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये का मोजावेत? पण ज्या शासनाला आपली शाळा पालकाच्या यादीत वरती यावी असे वाटते त्याने ती शाळा तशी करावी. इतर नावे यादीतून काढून टाकून आपली वर आणणे हा प्रकार परीक्षेतील इतर उमेदवारांना वर्गाबाहेर बसवून पहिला नंबर मिळविण्यासारखा आहे.

उलट दिशेचे एक पाऊल महानगरपालिकेने टाकले, आणि त्याची नोंद आनंदाने केली पाहिजे. २०२० पासून पालिकेच्या शाळांना मुंबई पब्लिक स्कूल हे नाव देण्यास आरंभ झाला. माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई, आणि २०२१ मध्ये दादरच्या भवानी शंकर मार्गावरील शाळेसह दहा ठिकाणी सीबीएसईचे वर्ग सुरू झाले. फी नाही, आणि प्रवेश सोडतीने. ज्या पालिकेला १९२५ साली मुले शोधीत चाळी पालथ्या घालाव्या लागल्या तिच्याच शाळेत जागांपेक्षा अर्ज अधिक आले, आणि अर्जदारांत यापूर्वी पालिकेच्या फाटकाकडे ढुंकूनही न पाहणारे लोक होते. नव्या पाट्यांमागे शिक्षक पुरेसे व कायमचे आहेत काय, शेजारच्याच इमारतीतील पालिकेच्या मराठी शाळेच्या वाट्याला त्याच मायेतले काय येते, हे प्रश्न आहेतच. तरी दुसरी ओळ भरण्याचा हा मार्ग आहे, यात संशय नाही.

क्रमवार पसंतीचा नियम अक्षरशः लागू होतो तो मात्र दहावीनंतर. १९७५ पर्यंत अकरावी शाळेतच होती; दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि पालकाच्या मागे दुसरा प्रवेश लागला. रुईया (१९३७), पोदार (१९४१), रुपारेल (१९५२) आणि कीर्ती (१९५४) ही माटुंगा-दादरची महाविद्यालये, व गिरगावकरांना जवळचे विल्सन, या सर्वांच्या फाटकांवर लागणाऱ्या याद्या पाहत टॅक्सीने किंवा लोकलने हिंडण्याचा उद्योग जून-जुलैच्या पावसात कित्येक वर्षे चालला. २००९ पासून मुंबई महानगर क्षेत्रात ही प्रक्रिया केंद्रीय पद्धतीने संगणकावर आली व २०२५ मध्ये ती साऱ्या राज्याला लागू झाली. निरनिराळ्या मंडळांचे गुण कसे तोलावेत यावरून सरकार व न्यायालये यांच्यात जे झाले ते एका वाक्यात उरकता येईल: राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवण्याचा हुकूम २००९ मध्ये उच्च न्यायालयाने मोडला, पुढल्या वर्षी आलेले सर्वोत्तम पाच विषयांचे सूत्र टिकले, आणि २०२१ मध्ये परीक्षाच न झालेल्या मुलांसाठी योजलेली सामायिक प्रवेश परीक्षा १० ऑगस्टला रद्द झाली.

या पद्धतीत पालक जी चूक हटकून करतात तिच्याविषयी सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे. ‘रुईया पहिले टाकले आणि नाही मिळाले, तर कीर्तीवाले आपल्याला दुसऱ्या नंबरचा म्हणून मागे ढकलतील,’ ही भीती घरोघर ऐकू येते, आणि तिच्यापायी मुलाचे खरे आवडते महाविद्यालय यादीतून वगळले जाते. ही भीती निराधार आहे. संगणक गुणांच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्यापाशी येतो, त्याच्या यादीतील पहिल्या ठिकाणी त्याच्या प्रवर्गाची जागा उरली असेल तर ती देतो, नसेल तर दुसरे ठिकाण पाहतो. आणि दुसरे ठिकाण पाहताना तेथे पहिली पसंती लिहिलेल्या परंतु कमी गुणांच्या मुलास तो अग्रक्रम देत नाही. तेव्हा उंच उडी पहिल्या ओळीवर मांडल्याने खालच्या ओळींना धक्का लागत नाही. हीच भीती जेथे खरी ठरत असे असेही एक नगर होते: अमेरिकेतील बॉस्टन. तेथील सार्वजनिक शाळांत सर्वांच्या पहिल्या पसंत्या आधी भागवीत आणि उरलेल्या जागांवर दुसऱ्या पसंत्यांचा विचार करीत, म्हणून माहीतगार पालक आपसांत मसलत करून खरी आवड लपवीत व भोळे पालक फसत. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या रीतीचा आधार घेऊन २००५ मध्ये ती पद्धत बदलण्यात आली. शॅपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या शाखेतील कार्यासाठी. आपल्याकडे गुणांचा क्रम सर्व महाविद्यालयांस एकच असल्याने हे कोडे मुळातच सोपे आहे, आणि मनात असेल तोच क्रम लिहावा हा त्याचा उलगडा.

सावधगिरी हवी ती दोन ठिकाणी. यादीत दहाच नावे मावतात, म्हणून ती सारी उंच उड्यांची असू नयेत. गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून जेथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे असे एखादे ठिकाण, पण जेथे मूल खरोखर जाईल असेच, शेवटास असावे. आणि पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे सक्तीचे असते. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. वरच्या कट-ऑफला घाबरून ‘मिळेल तेच’ पहिले लिहिणारा पालक स्वतःच आपल्या पायात ही बेडी घालून घेतो. या चौकटीबाहेर अल्पसंख्याक संस्थांतील ५० टक्के, संस्थेच्याच शाळेतील मुलांसाठी १० टक्के आणि व्यवस्थापनाच्या ५ टक्के जागा आहेत. जुन्या काळचे चिटणिसांकडचे शिफारसपत्र कोठे गेले असे कोणी विचारल्यास त्या शेवटच्या ५ टक्क्यांकडे बोट दाखवावे.

अकरावीच्या पालकास निदान प्रत्येक फेरीनंतर कोणत्या महाविद्यालयात किती गुणांवर प्रवेश थांबला हे छापील आकड्यांत पाहता येते, व त्यावरून पुढच्या फेरीची यादी शहाणपणाने लिहिता येते. पहिलीच्या राखीव जागांसाठी दहा शाळा निवडणाऱ्या आईपुढे असा कोणताच आकडा नसतो. तिच्या चाळीपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या शाळेत गेल्या साली किती जागांसाठी किती अर्ज आले, त्यांतले किती एक किलोमीटरच्या आतले होते, प्रतीक्षायादी कोठवर सरकली आणि पडताळणीत कोणत्या कागदासाठी किती नावे बाद झाली, ही माहिती शिक्षण खात्याच्या दफ्तरी जमा असणारच, कारण सोडत त्याच संगणकावर निघते. ती शाळावार, मराठीतून, अर्ज भरण्याच्या मुदतीपूर्वी मदत केंद्राच्या भिंतीवर लावण्यास नवा कायदा लागत नाही, प्रतिपूर्तीची रक्कम वाढत नाही आणि कोणत्याही न्यायालयाची मनाईही आड येत नाही.